थंडीतल्या उडीसाठी 'मिळतील तेवढे जाड' हातमोजे? एका मेसेजला उत्तर

डिसेंबर जवळ आला की आपल्या गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मेसेज फिरू लागतो. 'थंडीत स्कायडायव्हिंगला जाताय? आधी हे वाचा.' हरयाणात नारनौलला किंवा आणखी कुठे उडी मारायला जाणाऱ्या पोरांसाठी तो कुणीतरी लिहिलेला आहे. म्हणणे थोडक्यात असे: ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात बोटे मिनिटभरात गोठतात, म्हणून बर्फात स्कीइंगला वापरतात तसे मिळतील तेवढे जाड हातमोजे घ्या. एक माप मोठे घ्या, म्हणजे आत हवा राहते. आत हँड वॉर्मरची पुडी ठेवा. मोज्यामुळे हँडल सापडले नाही तरी घाबरू नका, यंत्र पॅराशूट आपोआप उघडते. आणि उडी गोव्यासारख्या गरम ठिकाणी असेल तर मोज्यांची गरजच नाही.

हेतू चांगला असेल. गारठलेल्या हातांचा धोकाही खरा आहे. पण सांगितलेले उपाय एकेक करून पाहिले तर त्यातले बरेचसे तो धोका वाढवणारेच निघतात.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो आपल्या घरचा आहे. वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. उडी साधारण १३,००० फुटांवरून, म्हणजे चार किलोमीटरवरून असते. पणजीत ३० अंश असतील तर तिथे २६ वजा करा, उरले ४. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या मार्गदर्शक पुस्तिकेत उडीच्या उंचीवर ४० फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे साधारण साडेचार अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान असेल तर हातमोजे आवश्यक मानले आहेत. म्हणजे पारा २० च्या आसपास आला की स्वेटर शोधणारे आपण, आपल्याच डोक्यावर चार किलोमीटरवर त्या रेषेच्या खाली असतो. जमिनीवरचा घाम पाहून वरचा निर्णय घ्यायचा नसतो.

नारनौलचे गणित याहून कडक. जानेवारीत दुपारी जमिनीवर २० अंश असले तरी १०,००० फुटांवरही शून्याच्या आसपास. सकाळचे ८ अंश धरले तर हिशोबाने उणे १२ येतात. प्रत्यक्षात हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे एवढी घसरण बहुधा होत नाही. तरी मोजे लागतातच. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे वरच्या हवेचे तापमान पाहावे, खालचे नव्हे.

आता 'मिनिटभरात बोटे गोठतात'. वाऱ्याने गारठा वाढतो, कारण तो अंगाजवळची उबदार हवा पळवून नेतो. पण कितीही वारा असला तरी बोट हवेच्या तापमानाच्या खाली उतरत नाही. वर चार अंश असतील तर बोटे दुखतील, बधिर होतील, पण गोठणार नाहीत. मेसेजांत 'उणे ३०-४० जाणवते' असे जे आकडे येतात ते वाऱ्याच्या गारठ्याच्या सूत्रातून येतात. ते सूत्र चालणाऱ्या माणसाच्या उघड्या चेहऱ्यासाठी केलेले आहे, ताशी १९० किलोमीटरने पडणाऱ्यासाठी नाही. आणि फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट न उघडता पडणे, असतो तरी किती वेळ? १३,००० फुटांवरून पॅराशूट उघडेपर्यंत ४५-५० सेकंद.

खरा गारठा त्याच्या आधी आणि नंतर लागतो, आणि मेसेजात त्याचा पत्ताच नाही. सेस्नासारखे छोटे विमान १०,००० फूट चढायला २०-२५ मिनिटे घेते. आत हीटरचा भरवसा नाही, दारातून वारा येतो, आपण फरशीवर बसलेलो. हात तिथेच निम्मे गार होतात. मग पॅराशूट उघडल्यावर चार-पाच मिनिटे दोन्ही हात डोक्याच्या वर, टॉगल (पॅराशूट वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी) धरून. हृदयाच्या वर धरलेल्या हातात रक्त कमी पोचते, त्यात कॅनोपी, म्हणजे उघडलेले पॅराशूट, पुढे सरकताना समोरचा वारा. फ्रीफॉलमध्ये ठीक असलेली बोटे इथे लाकडासारखी होतात, आणि याच बोटांनी शेवटी उतरताना दोन्ही टॉगल पूर्ण खाली ओढायचे असतात. बोटांच्या कातडीचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले की बारीक कामातली सफाई जायला लागते. आणखी उतरले की स्पर्शच कळेनासा होतो. म्हणून तयारी विमानातल्या पहिल्या पाच मिनिटांपासून करायची असते.

मग जाड मोजे का नकोत? हात कशासाठी लागतात ते आधी बघा. मुख्य पॅराशूट उघडायला रिगच्या, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीच्या, तळाशी, पाठीमागे उजवीकडे कापडी कप्प्यात खोचलेली हॅकी, म्हणजे ओढायची छोटी मूठ, लागते. ती दिसत नाही. हात मागे नेऊन स्पर्शानेच शोधायची आणि ओढून वाऱ्यात सोडायची. जाड मोज्यातून ते करणे म्हणजे गोधडीतून सुई चाचपणे. छातीवर उजवीकडे कटअवेची, म्हणजे बिघडलेले मुख्य पॅराशूट सोडून द्यायची, मऊ गादी असते, डावीकडे रिझर्व्हचे, म्हणजे राखीव पॅराशूटचे, हँडल. ती दिसतात, पण धरायला बोटे नीट वळावी लागतात. रिझर्व्हचे हँडल धातूच्या कडीचे असेल तर अंगठा तिच्यात शिरला पाहिजे. कापूस भरलेला स्कीचा अंगठा शिरताना अडतो, कधी शिरल्यावर निघत नाही.

ताशी १९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटरहून जास्त. तीन सेकंद चाचपडलात तर ५०० फूट गेले. अडचण आली तर काय करायचे हे शिकाऊ माणसाने २,५०० फुटांपर्यंत ठरवलेले असावे लागते. तेव्हा तीन सेकंद ही थोडी गोष्ट नाही.

स्कीच्या मोज्यांचे बाकीचे लटांबरही आहे: रुंद मनगट, बकल, लोंबणाऱ्या दोऱ्या, लटकवायची हुक. वाऱ्यात फडफडणारी प्रत्येक दोरी कुठेतरी अडकू शकते. रुंद मनगट अल्टिमीटरवर चढते, मग उंची बघायला आधी मोजा सरकवा. अस्तर सुटे असेल तर हात काढताना ते उलटे बाहेर येते आणि पुन्हा बोटे घालता येत नाहीत. टॉगलच्या फाशात अडकलेला जाड मोजा तर वेगळेच संकट. ऊब कमी पडली तर हात दुखतात. पकड गेली तर ते भलत्याच जातीचे दुखणे असते.

आता 'यंत्र उघडते'. हे वाक्य सगळ्यांत घातक आहे, म्हणून थोडे थांबतो. ऑटोमॅटिक अॅक्टिव्हेशन डिव्हाइस हे फार मोलाचे यंत्र आहे. जर्मनीतल्या एअरटेक कंपनीचे सायप्रस नावाचे असे यंत्र १९९१ मध्ये बाजारात आले आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले. पण ते काय करते हे नीट समजून घ्या. अनुभवी माणसासाठीच्या सायप्रसमध्ये साधारण ७५० फुटांवर, तेही पडण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तरच, ते रिझर्व्हचा बांधणारा दोर कापते, म्हणजे रिझर्व्ह उघडते. शिकाऊंच्या यंत्राची मर्यादा वेगळी असते, ती प्रशिक्षकाकडून समजून घ्यावी.

म्हणजे हॅकी सापडलीच नाही तर यंत्र कदाचित वाचवेल, फार खाली येऊन. पण मुख्य पॅराशूट अर्धवट उघडून गरागरा फिरत असेल तर? वेग त्या मर्यादेच्या खाली असू शकतो आणि यंत्र गप्प बसू शकते. बिघडलेले मुख्य पॅराशूट ते सोडूनही देत नाही. ते कटअवे ओढून तुमच्याच बोटांनी सोडायचे असते. ज्या प्रसंगात हँडल सर्वांत जास्त लागते, त्यातच यंत्रावर विसंबता येत नाही. मोज्याची निवड या एका प्रसंगावर व्हायला हवी, आणि मेसेज नेमका इथेच 'घाबरू नका' म्हणतो.

मोठे माप: हवेचा थर ऊब धरतो हे खरे, पण हातमोज्यात बोटांच्या टोकापुढे रिकामी जागा राहिली की पकड त्या रिकाम्या कापडाची होते. फार घट्टही नको, रक्त अडते आणि हात उलटे लवकर गारठतात. मूठ वळल्यावर मनगट आवळत नाही आणि बोटाच्या टोकाला सुरकुती पडत नाही, ते आपले माप. आत पातळ रेशमी किंवा कृत्रिम धाग्याचे अस्तर घालणार असाल तर ते घालूनच माप बघा.

हँड वॉर्मरची पुडी चढतीच्या वेळी खिशात ठेवायला चांगली. आतली लोखंडाची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तापते, आणि चार किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा तिचा जोर मंदावतो. तळव्यात ठेवली तर पकडीच्या मध्ये गोळा. उडीआधी काढून ठेवा.

मग घ्यायचे काय? पातळ, घट्ट बसणारा, तळव्याला चिकट पकड असलेला, मनगट झाकणारा पण अल्टिमीटर न झाकणारा मोजा. बकल नाही, लोंबणारे काही नाही. पातळ चामड्याचे किंवा अमेरिकन फुटबॉलच्या रिसीव्हरसारखे मोजे बरेच लोक वापरतात. आपल्या मडगाव-म्हापशाच्या खेळाच्या दुकानांत गोलकीपरचे मोजे पटकन समोर येतात. त्यांना हात लावू नका: तळव्याला जाड फोम, आणि काहींत बोटांना आधाराच्या पट्ट्या. क्रिकेटच्या बॅटिंग मोज्यांच्या आत घालायचे सुती इनरही नकोत, घाम पितात आणि तोच घाम वर थंड पडतो. हार्डवेअरच्या दुकानात तळव्याला रबराचा लेप असलेले कामगारी मोजे मिळतात. पकड त्यांची छान असते, पण विणलेल्या पाठीतून वारा आरपार येतो. आपल्या चार अंशांसाठी माझ्या मते चालतील, नारनौलच्या जानेवारीसाठी नाही.

उरलेली ऊब मोज्यात शोधू नका. अंग गार पडले की शरीर हातापायांचे रक्त आत ओढते. आत थर्मल घाला, गळा झाका, पाय सुके ठेवा, रिकाम्या पोटी चढू नका. फक्त जाकीट हार्नेसच्या (अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या) वर येऊन हँडल झाकणार नाही हे बघा.

घेतल्यावर प्रशिक्षकाला दाखवा. काही केंद्रांवर शिकाऊंना कोणते मोजे चालतात याचे स्वतःचे नियम असतात. मग ते घालून जमिनीवर रिग चढवा, वर बघत हॅकीपर्यंत हात न्या, कटअवे आणि रिझर्व्ह क्रमाने धरा. हँगिंग हार्नेसमध्ये, म्हणजे सरावासाठी टांगलेल्या हार्नेसमध्ये, पूर्ण क्रम करा. नुसत्या उबदार हातांनी सराव खोटा होतो, म्हणून दोन मिनिटे बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवून मग करा. बर्फाला आपल्याकडे तोटा नाही, मासळीवाल्याकडे मिळेल. विमानात मोजे शेवटच्या टप्प्यात चढवलेत तर चढवून झाल्यावर सगळ्या हँडलना पुन्हा हात लावून बघा. जमिनीवरच्या तपासणीत हात उघडे होते, आता नाहीत.

टँडम प्रवाशांचे, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून उडी मारणाऱ्यांचे, प्रकरण सोपे. पॅराशूट प्रशिक्षक उघडतो, त्यामुळे तुमचे मोजे जरा जाड असले तरी चालतील. पण कॅनोपीखाली टॉगल तुमच्या हातात देणार असतील तर आधी विचारून घ्या.

आणि एक गोव्यापुरते. चामड्याचे मोजे पावसाळ्यात कपाटात ठेवले तर बुरशी धरते आणि चामडे कडक होते. ऑक्टोबरात बाहेर काढून, उन्हात नव्हे तर वाऱ्यावर सुकवून, शिवण तपासून घ्या. कडक झालेला मोजा वळत नसेल तर तो टाकून नवा घ्या.