दोन बिलं, एकच दुखणं

जुन्या ट्रकवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. चांगलीच तिखट आहे, आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागणारी नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमची हकीकत थोडक्यात अशी. ६ लाख किलोमीटर चाललेला ट्रक तुम्ही घेतलात. विकणाऱ्यानं सांगितलं, 'इंजिनाचं काम नुकतंच केलंय, आता बघायला नको.' वर्षाच्या आत आधी इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) गेले, दोन महिन्यांत टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेला, मग क्लच. आणि आता नवे घातलेले इंजेक्टरही ठोकायला, म्हणजे ठकठक आवाज करायला लागलेत. मी लिहिलं होतं की नीट सांभाळलेला जुना ट्रक नव्याच्या हप्त्यांपेक्षा स्वस्त पडतो. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. माझ्या हिशोबात फक्त सामान आणि मजुरी आहे, गाडी उभी राहिलेले दिवस नाहीत. ठरावीक किलोमीटरनंतर सगळंच झिजलेलं असतं, त्यामुळे कुठल्याच जुन्या गाडीचा भरवसा नाही. आणि माझं नशीब चांगलं होतं, ते सल्ला म्हणून इतरांच्या गळ्यात मारू नये.

पहिला आक्षेप मान्य. अगदी विनाअट. तुमची प्रतिक्रिया वाचून मी माझी वही पुन्हा काढली आणि गाडी उभी असलेले दिवस मोजले. त्या दिवसांचं बुडालेलं भाडं, चालकाचा पगार, विमा आणि कर यांचा त्या दिवसांपुरता वाटा, टो करून आणण्याचा खर्च, एकदा तर माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवावा लागला तो खर्च, हे सगळं घातल्यावर माझं चौथं वर्ष सरळ तोट्यात निघालं. लेखात ते फायद्याचं दाखवलं होतं. ती चूक माझी.

पण हेच गणित नव्या गाडीलाही लावा. वॉरंटीत सामान फुकट मिळतं, दिवस फुकट मिळत नाही. नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मोजणारा) गेला, काजळीचा फिल्टर तुंबला, युरियाच्या द्रावणाच्या नळीत खडे जमले (द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो, पाणी उडालं की मागे पांढरे खडे उरतातच), की नवी कोरी गाडीसुद्धा ताकद कमी करून रांगायला लागते आणि वर्कशॉपच्या रांगेत उभी राहते. हप्ता मात्र थांबत नाही. माझ्या मते सगळ्यात धोक्याची खरेदी म्हणजे धूर शुद्ध करायची ही सगळी यंत्रणा असलेली आणि वॉरंटी नुकतीच संपलेली गाडी. किंमत अजून पुरेशी उतरलेली नसते आणि महाग सेन्सर जायला सुरुवात झालेली असते. पहिला मालक नेमक्या त्याच वेळी का विकतोय, हे त्यालाच विचारायला हवं. खरं उत्तर मिळणार नाही म्हणा.

आता तुमच्या बिलांकडे येतो, कारण माझा खरा मतभेद तिथं आहे. तुम्ही इंजेक्टर, टर्बो आणि क्लच असे तीन बिघाड मोजलेत. गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा छातीठोक काही सांगत नाही. पण पहिली दोन बिलं मला एकाच दुखण्याची वाटतात.

कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना 'रेल' नावाच्या एकाच जाड नळीतून डिझेल मिळतं ते) डिझेलचा दाब १६०० ते २५०० बारपर्यंत जातो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). एवढा दाब धरून ठेवायचा तर इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनचीच ठेवावी लागते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. डिझेलमध्ये पाणी किंवा बारीक कचरा आला की पहिला मार तिथं बसतो. मग इंजेक्टर नीट फवारा मारायच्या ऐवजी गळायला लागतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, तोही नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगत. ऑइल पातळ झालं की तो थर फाटतो. वरून जादा डिझेलमुळे सायलेन्सरकडे जाणारा धूर जास्त तापलेला. अशा इंजेक्टरवर गाडी काही महिने चालली असेल, तर टर्बो दोन महिन्यांनी जाण्यात मला नवल वाटत नाही. क्लच मात्र यातला नाही. तो झिजणाराच भाग आहे. वजन किती भरलं आणि पाय कुणाचा होता, एवढ्यावर त्याचं आयुष्य ठरतं.

म्हणून 'सगळंच झिजलंय' या निष्कर्षाशी मी सहमत नाही. वयाबरोबर बिघाड वाढतच जातो असं आपण धरून चालतो. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी विमानाच्या भागांचा अहवाल मांडला, त्यात निघालं ते वेगळंच. वय वाढलं म्हणून बिघाड वाढतो असं स्पष्ट दिसणारे भाग शंभरात अकराच्या आसपास होते. उलट ६८ टक्के भागांच्या बाबतीत धोका सगळ्यात जास्त होता तो भाग बसवल्यानंतर लगेच, आणि तेवढा काळ निभावला की पुढे तो जवळपास स्थिर राहायचा. ट्रक म्हणजे विमान नाही, हे मलाही कळतं. टायर, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, किंगपिन हे सगळं किलोमीटरवरच झिजतं. पण 'नुकतंच काम केलेलं इंजिन' ऐकून आपण निर्धास्त होतो ना, त्या निर्धास्तपणाला या आकड्यांनी चांगलाच धक्का बसतो.

मी तर ते वाक्य ऐकलं की सावध होतो. काम केलं म्हणजे काय केलं? नुसत्या पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगा घातल्या, की पिस्टन आणि लायनरही (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) बदलले? क्रँक घासली असेल तर किती? हेडला तडा आहे का ते तपासलं? बिल आहे का? विकायच्या महिनाभर आधी केलेलं काम पुढच्या ५ लाख किलोमीटरसाठी केलंय की गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत, हे बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा कधीच न उघडलेलं, कंपनीतून आलं तसं असलेलं ६ लाख किलोमीटर चाललेलं इंजिन मी आनंदानं घेईन. अवजड ट्रकच्या इंजिनांचं आयुष्य 'बी-१०' नावाच्या आकड्यात सांगतात, म्हणजे शंभरातल्या दहा इंजिनांना मोठं काम निघेपर्यंतचे किलोमीटर. मोठ्या इंजिनांत तो आकडा बऱ्याचदा १० लाखांच्या पुढचा असतो.

नशिबाचं म्हणाल, तर माझी ही गोष्ट लेखात यायला हवी होती. लाजेपोटी आली नाही. माझ्या गाडीचं पाणी आठवड्याला थोडं थोडं कमी व्हायचं. कुठं गळती नाही, पांढरा धूर नाही. मिस्त्री म्हणाला रेडिएटरचं झाकण बदला, बदललं. काही महिन्यांनी एका सकाळी डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर. ऑइल कमी होत जातं, वाढेल कसं? टोपी उघडली तर आतून दुधाच्या चहासारखा फेस. खालचं चेंबर उतरवलं आणि पाण्याच्या बाजूनं हवेचा दाब दिला, तेव्हा चौथ्या लायनरच्या पोटातून एक थेंब आला. मग थोड्या वेळानं दुसरा. लायनर ओढून काढला तर बाहेरच्या अंगाला, एकाच बाजूनं, उभ्या पट्ट्यात वाळवी लागल्यासारखे खड्डे, आणि त्यातला एक आरपार.

पिस्टन एका बाजूला आपटतो तसा लायनर बारीक थरथरतो. त्या थरथरीनं बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि लायनरवरच फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूचा एक कण उडवतो. योग्य रसायन असलेलं कूलंट लायनरवर संरक्षक थर धरून हे रोखतं. साधं पाणी रोखत नाही. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं होतं. गाडी घेताना रेडिएटरमध्ये डोकावून मी पातळी पाहिली, रंग पाहिला नाही. तांबूस पाणी डोळ्यासमोर होतं.

तेव्हापासून गाडी बघायला जाताना मी आधी फोन करून सांगतो की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर पहिला हात इंजिनवर ठेवतो. गरम लागलं तर थंड इंजिन कसं उठतं ते विकणाऱ्याला मला दाखवायचं नाही, एवढं कळतं. चालू असताना ऑइलची टोपी सैल करून बघतो. वाफ जोरात धापा टाकत आली तर रिंगांतून दाब खाली उतरतोय. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देतो. शिसं आणि तांबं निघालं तर बेअरिंग, सिलिकॉन निघालं तर एअर फिल्टरकडून धूळ, सोडियम-पोटॅशियम निघालं तर कूलंट आत. माझ्या लायनरसाठी मात्र याचा उपयोग झाला नसता, साध्या पाण्यात ते जेमतेमच असतं. आणि इंजिनाच्या संगणकातून किलोमीटरच्या जोडीला चाललेले तास काढून घेतो. ६ लाख किलोमीटर १२ हजार तासांत झाले असतील तर सरासरी ताशी ५०, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर चाललीय. तेच २५ हजार तासांत झाले असतील तर ताशी २४. मीटर एकच दाखवतं, पण दुसरं इंजिन दुपटीहून जास्त राबलंय, त्यातलं बरंच जागेवर उभं राहून.

गाडी रस्त्यात बसते ती मात्र बहुतेक वेळा स्वस्त कारणानं. पट्टा, रबरी नळी, हवेची गळती, वायरिंग. माझी गाडी दोन वेळा पहाटे सेल्फच मारेना. एक बॅटरी बदलली, मग दुसरी बदलली. शेवटी सीटखाली एक बारीक लाल वायर सापडली. आधीच्या कुणीतरी टेपरेकॉर्डरसाठी २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढले होते. ती बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम जास्त चार्ज होऊन उकळत. २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर बसवला, विषय संपला. पट्टे आणि नळ्या तर आता मी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यातच सरसकट बदलतो, चांगल्या दिसत असल्या तरी. तोच पट्टा अंगणात बदलला तर तासाभराचं काम आहे आणि घाटात तुटला तर दिवस जातो. मिस्त्री हसतो, हसू दे.

आता तुमचे नवे इंजेक्टर. ते ठोकायला लागले हे वाचून मला त्यांच्याआधी टाकीची आणि पंपाची शंका येते. उच्च दाबाचा पंप आतून घासत असेल तर त्याचा धातूचा चुरा रेलमधून थेट नव्या इंजेक्टरांत जातो. पंप, रेल आणि नळ्या साफ न करता कितीही इंजेक्टर घाला, पुन्हा तेच. तेव्हा तिसरा संच घेण्याआधी एवढं करा. टाकीच्या तळाचं बूच काढून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि रात्रभर हलवू नका. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. डिझेल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरा, चमचमणारे कण दिसतात का पाहा, आणि त्यावरून लोहचुंबक फिरवा. फक्त पाणी निघालं तर थोडक्यात सुटलात. चमक दिसली तर गाडी तशीच उभी ठेवा, गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. दोन्हीपैकी काय निघालं ते इथंच कळवा.