पंचा अंथरण्यापूर्वी

युरोपला निघालाच आहात, तर एकदा नागव्याने समुद्रात उतरून यावे असा विचार तुमच्या मनात आला आहे. आला नसेल तर तुम्ही हे वाचत का आहात? तेव्हा संकोच सोडा (बाकीचे तिकडे गेल्यावर सोडायचेच आहे) आणि मुद्द्यावर या: रिसॉर्ट की किनारा?

आपल्याकडे पहिला विचार पैशांचा. किनारा बहुतेक ठिकाणी फुकट. रिसॉर्टला तिकीट. जे घरच्या न्हाणीघरात रोज विनामूल्य होते, त्यासाठी युरो मोजायचे, हे मनाला पटत नाही. पण रिसॉर्टमध्ये सोयी असतात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर काप द आग्द इथे तर अख्खे नागडे गावच आहे. सुपरमार्केट, बँक, केस कापायचे दुकान, सगळे आत. ऐन हंगामात तिथे 40 हजारांच्या घरात माणसे असतात म्हणे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. गावात शिरताना फाटकावर पैसे भरावे लागतात, म्हणजे पाकीट हवे. आणि आत शिरल्यावर खिसा नाही. या एका अडचणीवर तुम्ही सहलीआधी पूर्ण आठवडा खर्च करा. गळ्यात पाऊच अडकवून काम भागते, पण त्यात पासपोर्ट, विम्याचे कागद, परतीची तिकिटे आणि पित्ताची गोळी एवढे भरून फिरणाऱ्याला कुणी नागडा म्हणेल का, याची मला शंका आहे.

रिसॉर्ट म्हणजे मोकळीक, अशी तुमची समजूत असेल तर ती इथेच उतरवून ठेवा. फ्रान्समध्येच मोंतालिव्हे इथे अल्बेर आणि क्रिस्तियान लकॉक या दांपत्याने 1950 साली असे केंद्र काढले आणि 1953 साली तिथेच निसर्गवाद्यांचा (म्हणजे नागव्याने वावरणाऱ्यांचा) आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. तीन वर्षांत महासंघ! अंगावर सूत नसले तरी घटना, ठराव आणि पदाधिकारी हवेतच. नियमांची पाटी तर विचारू नका. फोटो काढायचा नाही. टक लावून पाहायचे नाही. एकट्या पुरुषाला काही ठिकाणी प्रवेशच नाही. हाउसिंग सोसायटीच्या कमिटीत उमेदवारी केलेल्या माणसाला तिथे पाऊल ठेवताच माहेरी आल्यासारखे वाटेल.

सगळ्यांत कडक नियम पंचाचा. कुठेही बसायचे तर आधी खाली आपला टॉवेल अंथरायचा. कारण आरोग्याचे आहे आणि रास्त आहे. इथे आपला घात होतो. काशीदच्या किनाऱ्यावर, भर गर्दीत, बायकोने धरलेल्या टॉवेलच्या आडून ओली चड्डी उतरवून कोरडी पँट चढवायची आणि मधल्या काळात समोरच्या भेळवाल्याशी भावही करायचा, ही आपली पिढीजात कला. ती तिथे अगदी कुचकामी. उलट सवयीने पंचा कमरेला गेला, तर तुम्ही लबाड ठराल. त्या मंडळींत कपडे घालणाऱ्याला एक खास शब्द आहे: ‘टेक्स्टाइल’. तो जरा तुच्छतेने उच्चारतात. इचलकरंजीच्या माणसाला मात्र तो बहुमान वाटण्याची शक्यता आहे, त्याने हुरळून जाऊ नये.

आता किनारा. फुकट आहे हे सांगितलेच. पण तिथवर पोचायला लागणारी मेहनत धरली की हिशेब बदलतो. कॅनडात व्हँकुव्हरच्या रेक बीचवर जायला साडेचारशेहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात. पर्वतीच्या 103 पायऱ्यांना धापा टाकणाऱ्यांनी परतीचा चढ डोळ्यांसमोर आणावा. इंग्लंडमध्ये ब्रायटनचा नागवा किनारा 1980 साली सुरू झाला. तिथे वाळू नाही, गोटे आहेत. त्यांवर अनवाणी चालणारा माणूस कितीही मुक्त विचारांचा असो, लंगडी घालताना दिसतो. शिवाय किनाऱ्याला लागूनच 1883 पासूनची छोटी विजेची गाडी धावते. मध्ये गोट्यांचा बांध आहे, पण मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला गाडी आली की उठून उभे राहायची खोड असते. ती आवरा.

स्वस्त, सपाट आणि वाळूचे हवे असेल तर जर्मनीचा बाल्टिक किनारा पाहा. पूर्व जर्मनीच्या सरकारने 1954 साली तिथे नागव्या स्नानाला बंदी घातली. लोकांनी ऐकले नाही आणि दोन वर्षांत बंदी गुंडाळावी लागली. ज्या राज्यात तोंड उघडायची सोय नव्हती, तिथे लोकांनी बाकी सगळे उघडले. पाणी मात्र गार असते. पुरुष वाचकांनी स्वाभिमानासह उतरण्याआधी हे लक्षात घ्यावे.

तरीही तुमची खरी भीती वेगळी आहे, मला ठाऊक आहे. परक्यांनी पाहिले तर पाहू देत. ओळखीचे निघाले तर? मराठी माणूस हल्ली कुठेही भेटतो. तुम्ही डोळे मिटून पडलेले असता आणि मागून हाक येते, ‘मूळचे कुठले?’ पुढे ‘तुमचा चेहरा पाहिल्यासारखा वाटतोय’ असे म्हणाले, तर आभार माना. निदान चेहऱ्याकडे पाहिले. मग आडनाव, मग कुठले कॉलेज, मग तुमची आत्येबहीण त्यांच्या मेव्हणीच्या भिशीत निघते. यावर रिसॉर्ट बरे, कारण तिथे आलेला माणूसही पैसे भरून आलेला असतो. घरी जाऊन तो कुणाला सांगेल?

‘एवढ्या लांब कशाला, गोवा आहे की,’ असे म्हणणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याचे ऐकू नका. 2020 साली मिलिंद सोमण आपल्या 55व्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावले, आणि गुन्हा नोंदला गेला. ती शरीरयष्टी असून अश्लील ठरली. तुमच्या पोटासाठी नवे कलम आणावे लागेल.

आणि रिसॉर्टही नको, किनाराही नको, असे होत असेल तर तिसरी वाट आपल्याच लोकांच्या पायाखालची आहे. जगातला पहिला माहीत असलेला नग्नवादी क्लब निघाला तो 1891 साली, ठाण्यात. होय, तेच ठाणे. चार्ल्स क्रॉफर्ड नावाचे तिथले जिल्हा न्यायाधीश (मार्केटवाले क्रॉफर्ड वेगळे) त्याचे संस्थापक. सभासद एकूण तीन. आपली माणसे असती तर दोन गट आणि एक तटस्थ. ही मंडळी मोकळी व्हायला माथेरानला जात. माथेरानच का, यावर मी बराच विचार केला. तिथली माकडे माणसाच्या हातातली पिशवी, डोक्यावरची टोपी, नाकावरचा चष्मा, काहीही हिसकावतात. त्यांच्या हाती काहीच लागू द्यायचे नाही, असा न्यायाधीशाने काढलेला तोडगा असावा. जाऊन पाहा. पंचा मात्र घट्ट धरा.