विद्यार्थ्यांचा प्रवासभत्ता तोडू नका

शोधनिबंध घरबसल्या वाचता येतात, मग परिषदांवर आणि विद्यार्थ्यांच्या तिथल्या प्रवासावर खर्च कशाला, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. माझा विषय टोपॉलॉजी, म्हणजे आकार ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांचं गणित, म्हणून तिथलंच उदाहरण देते.

संगणकांनी एकमेकांना पाठवलेला निरोप कधी पोचेल याचा भरवसा नाही आणि काही संगणक मध्येच बंद पडू शकतात, अशा वेळी उरलेल्यांना एका नाही तरी निदान ठरावीक दोन-तीन उत्तरांच्या आत येता येईल का? सोमा चौधुरी यांनी १९९० च्या पीओडीसी (PODC) या, एकत्र काम करणाऱ्या अनेक संगणकांवरच्या परिषदेत हा प्रश्न मांडला. बंद पडणारे संगणक उत्तरांच्या संख्येपेक्षा कमी असतील तर जमतं. नसतील तर? १९९३ च्या स्टॉक (STOC) या सैद्धान्तिक संगणकशास्त्राच्या परिषदेत तीन गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं, की नाही जमत. आणि हत्यार कुठलं, तर टोपॉलॉजी! त्रिकोणांच्या कोपऱ्यांना रंग देण्याचा स्पर्नर या गणितज्ञाचा १९२८ सालचा सिद्धान्त इथे कामी येतो. या गटांच्या तीन निबंधांपैकी दोन निबंधांना २००४ चं ग्योडल पारितोषिक, म्हणजे सैद्धान्तिक संगणकशास्त्रातला मोठा सन्मान, मिळालं.

संगणकवाले आणि गणिती एकमेकांची नियतकालिकं सहसा चाळत नाहीत. परिषदेतल्या चहाच्या सुट्टीत मात्र बोलतात. खर्च कमी करायचाच तर हॉटेलांवरचा करा, विद्यार्थ्यांच्या प्रवासभत्त्याला कृपया हात लावू नका.