लोकलमधली इम्युनिटी

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात ताईने साधा प्रश्न टाकला. तिला सातवा लागलाय. दादरच्या तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) घे, जमलं तर घरच्यांनीही घ्या. घ्यावी का? दोन मिनिटांत दादाचं उत्तर: "आपण पालिकेच्या दवाखान्यात टोचून घेतलेली माणसं. त्यात कॉलेजपासून लोकलला लटकतोय. मुंबईकराला वेगळी इम्युनिटी लागत नाही. डांग्या खोकला आता असतो तरी कुठे? सगळे डॉक्टरांचे धंदे." खाली सात अंगठे.

हे 'मुंबईकराला लागत नाही' प्रकरण माझ्या डोक्यात जातं. तुंबलेल्या पाण्यातून चालत ऑफिस गाठलं म्हणून डांग्याचे जंतू वाट सोडत नाहीत. दादा ३२ वर्षांचा. आमच्या वेळी दीड वर्षाच्या बूस्टरनंतर पाचव्या वर्षी डीटी (घटसर्प-धनुर्वात) द्यायचे, त्यात डांग्याचा भागच नसायचा. म्हणजे त्याची डांग्याची शेवटची लस बालवाडीच्याही आधीची. लशीने आलेली ताकद चार ते बारा वर्षांत ओसरते. खुद्द डांग्या होऊन गेला तरी ती जन्मभर पुरत नाही. मोठ्या माणसाला नुसता महिनोन्‌महिने खोकला राहतो, तो हवेवर नाहीतर बांधकामाच्या धुळीवर ढकलून कामावर जाता येतं. तान्ह्या बाळाला कधीकधी खोकलाही येत नाही, श्वासच थांबतो.

मग मी माझं नेहमीचं सुरू केलं. इथे ब्रिटनमध्ये २०१२पासून गरोदर बाईला ही लस मिळते, मिडवाइफ स्वतः आठवण करते, आईची प्रतिकारशक्ती नाळेतून बाळाला जाते. तिकडे भारतात सरकारी यादीत अजून टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना टीडॅप घ्या म्हणते, पण ती खासगीत, पदरचे पैसे मोजून. असा लांबलचक मेसेज. दादा म्हणाला, "साहेब, भाषण झालं असेल तर ताईला डोहाळजेवणाला काय पाठवताय ते सांगा."

मेसेजमधून दोन गोष्टी मी सोईस्कर गाळल्या होत्या. २०२४मध्ये एकट्या इंग्लंडात डांग्याचे जवळपास १५ हजार रुग्ण निघाले, ११ तान्ही बाळं गेली. आणि इथे २००४पासून जी कमी दुखणारी लस देतात, तिचा असर लवकर उतरतो. मांडीला गाठ, रात्रभर ताप आणि पॅरासिटामॉलची पाव गोळी देणारी पालिकेची लस जास्त टिकते. हे दादाला कळलं असतं तर ग्रुपवर नाचला असता.

तिसरी गोष्ट गाळली ती सोईसाठी नाही.

२०२४च्या मे महिन्यात दादाच्या मुलाच्या बारशाला मी आलो होतो. बाळ पाच आठवड्यांचं, पहिली लस सहाव्या आठवड्यात, म्हणजे अंगात काहीच नाही. मी दहा दिवस खोकत होतो. मावशी म्हणाली, लंडनची थंडी बाधली, आणि अडुळशाची बाटली हातात दिली. कुणी मास्क लाव म्हटलं नाही, लांब बस म्हटलं नाही. घरचाच मुलगा. वहिनीने बाळ सरळ मांडीवर ठेवलं. खोकला आला की मी तोंड खांद्याकडे वळवायचो, एवढीच काय ती अक्कल.

परत आल्यावरही रात्री उलटी होईपर्यंत खोकायचो. रक्ताचा रिपोर्ट आला: डांग्या. जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, म्हणाली, आता अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तेव्हा तरी दादाला फोन करायला हवा होता. केला नाही. बाळाला लागण झाली असेल तर दिसेल म्हणून २१ दिवस मोजले, रोज काहीतरी निमित्त काढून बाळाचा व्हिडिओ मागितला. दादा कौतुकाने वहिनीला सांगायचा, "बघ, काकाचा किती जीव आहे." बाळाला काही झालं नाही. तो आता पलंगावरून उड्या मारतो.

दादा, तुझ्या घरात डांग्या लोकलने नाही, हिथ्रोहून आला होता.

आणि हो, मलाही अजून कुणी लस दिलेली नाही. जीपीच्या रिसेप्शनवर विचारलं, तर गरोदर आहात का, असं अगदी गंभीरपणे विचारून नाही म्हणाले.

काल ताईने घरच्यांची यादी टाकली, टोचून घ्यायची. नवरा, सासूबाई, आई, बाबा. पाचवं नाव माझं, आणि पुढे कंसात: 'दादरलाच घेईल, विमानतळावरून थेट'.