बस कुठंय, आधी ते सांगा

आज परत तेच. पाचगावला जायचं म्हणून कोल्हापुरात शिवाजी चौकात पाऊण तास उभा. शेजारी एक आज्जी, पिशवीतनं कोथिंबिरीची जुडी डोकावलेली. माझ्यादेखत ती जुडी सुकली. महापालिकेची बस आली ती दारात लोंबकळणाऱ्या पोरांसकट, आणि न थांबताच गेली. "वडापनं जा की लेकरा," आज्जीच मला समजावत होत्या. (वडाप म्हणजे शीटवर भरून जाणारी खासगी गाडी.)

१९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासनं हद्द इंचभर सरकलेली नाही. शहर मात्र पाचगाव, कळंबा, उचगाव करत कधीच बाहेर पसरलं. हद्दवाढीचं नाव काढलं की शहरात ती हवी म्हणून मोर्चा, गावात नको म्हणून बंद. २०१७ ला हद्दवाढीऐवजी भोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं. छान झालं, पण प्राधिकरणात बसून कळंब्याला जाता येत नाही की हो! आता केंद्राच्या योजनेतल्या १०० ई-बसची चर्चा. फिरू देत बापड्या, माझी ना नाही. पण हद्दीबाहेरच्या फेरीचा तोटा कुणी सोसायचा, ते आधी ठरवा. (तोवर घरटी दोन गाड्या आहेतच, आणि त्या लावायला जागा नाही.)

शेवटी वडापच केलं. मागं चौघांत पाचवा मी. ड्रायव्हर म्हणतोय, "सरका की वाईच, अजून दोघं बसत्यात."