कारवानीचं सीमेन गोठवता येतं, आणि चांगलं गोठवता येतं

लातूर-धाराशिवकडच्या कारवानीवाल्यांच्या, म्हणजे कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळणाऱ्यांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: "कुत्र्याचं सीमेन (वीर्य) गोठवून उपयोग नाही. नायट्रोजनमध्ये ते मरतं. गायीसारखं भरवलं (कृत्रिम रेतन केलं) तरी कुत्री रिकामीच राहते. राहिलीच गाभण, तर पिल्लं दुबळी निघतात." हे वाचून लोक चांगल्या नराचं सीमेन साठवायचा विचार सोडतात आणि नर म्हातारा होऊन जातो. म्हणून हे उत्तर.

नायट्रोजनमध्ये मरतं? द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांना नीट पोचलेला शुक्राणू वर्षानुवर्षं तसाच राहतो. मरतात ते तिथं पोचताना आणि परत येताना. गोठवलेल्या सीमेनपासून कुत्र्याची पिल्लं 1969 सालीच झाली आहेत. दर्जा ठरतो सीमेन घेतानाच. ते तीन टप्प्यांत येतं: आधी थोडं पाणीदार, मग दुधाळ, शेवटी प्रोस्टेट ग्रंथीचं भरपूर पाणीदार. गोठवायचं ते फक्त मधलं दुधाळ. नळी भरलेली दिसावी म्हणून तिसरा भागही घेतला की सगळं बिघडतं, आणि लघवी मिसळली असेल तर ते सरळ टाकून द्यावं. पुढं ट्रिस नावाच्या रसायनाच्या द्रावणात अंड्याचा बलक आणि गोठताना शुक्राणूंना जपणारं ग्लिसरॉल घालतात. ग्लिसरॉल 5 टक्क्यांच्या आसपास पुरतं, जास्त झालं की तेच शुक्राणूंना बाधतं. आपल्याकडं ऊनही विसरून चालत नाही. कुत्र्यात शुक्राणू तयार व्हायला सुमारे 62 दिवस लागतात, त्यामुळं मे महिन्यात नराला लागलेला उन्हाचा तडाखा जुलैपर्यंत सीमेनमध्ये दिसू शकतो. सीमेन घ्यायचं ते हिवाळ्यात.

गायीसारखं भरवलं तरी रिकामी? गायीसारखं भरवलं म्हणूनच रिकामी! देवणी गायीला 2 कोटी शुक्राणूंची एक स्ट्रॉ (सीमेन भरलेली बारीक नळी) पुरते. कुत्रीला साधारण 10 ते 20 कोटी हलते शुक्राणू लागतात, तेही थेट गर्भाशयात. योनीत सोडले तर बहुतेक वाया जातात. शिवाय कुत्रीचं बीज सुटतं तेव्हा कच्चं असतं, पिकायला दोन-तीन दिवस लागतात. नैसर्गिक मेटिंगमधले शुक्राणू तेवढे दिवस तग धरतात, गोठवून वितळवलेले जेमतेम 12 ते 24 तास. त्यामुळं माजाचे दिवस बोटांवर मोजून भागत नाही. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासून बीज कधी सुटलं ते ठरवावं लागतं. ही तपासणी माणसांच्या लॅबमध्येही होते.

वितळवतानाही घाई नको. 37 अंशांच्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, मग स्ट्रॉ कोरडी पुसायची, कारण आत गेलेला पाण्याचा थेंब शुक्राणू फोडतो. कोमट काचेवर एक थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. निम्मे तरी सरळ पुढं जाताना दिसायला हवेत. जागच्या जागी थरथरणारे मोजू नका.

पिल्लं दुबळी? संख्या थोडी कमी भरू शकते, हे खरं. पण गोठवल्यानं रक्त बदलत नाही. दुबळेपणा बहुधा जवळच्या नात्यातल्या मेटिंगमधून येतो. हां, एकाच गाजलेल्या नराच्या स्ट्रॉ सगळ्या तालुक्यात वाटल्या तर तो धोका नक्की वाढेल, आणि मेसेजनं इशारा द्यायचाच होता तर याचा द्यायला हवा होता.

स्ट्रॉ विकत घेताना चार गोष्टी लेखी मागा: सीमेन घेतल्याची तारीख, स्ट्रॉमागं शुक्राणूंची संख्या, वितळवल्यानंतर किती टक्के हलते, आणि नराचा ब्रुसेला कॅनिसचा (कुत्र्यांत गर्भपात घडवणाऱ्या जंतूचा) रिपोर्ट. देणारा टाळाटाळ करत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.