आकडो खंयच्या मशिनचो?

आमच्या मालवणातल्या तीन-चार ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘मेंदूचे डिजिटल ॲटलास म्हणजे रंगीत चित्रांचा खर्चिक खेळ. संशोधन वाटायचंय तर फायली सरळ इंटरनेटवर टाका. नकाशा परदेशातल्या कुणा म्हातारीच्या मेंदूचा, त्याचा आपल्याला काय उपयोग? भारतीयांचा मेंदू लहान असतो हे तर सिद्धच झालंय. आणि एकदा का स्कॅन वर चढला की तुमच्या डोक्यात काय चाललंय ते जगाला दिसणार.’ खाली नेहमीचं ‘दहा जणांना पाठवा’. मला अकरा जणांनी पाठवला, तेव्हा उत्तर देणं आलं.

आधी फायलींचं, कारण खरा घोळ तिथेच आहे. गेल्या हंगामात धक्क्यावर एका पोराला कुणीतरी खडपाचा (पाण्याखालच्या खडकाचा) जीपीएस आकडा चिठ्ठीवर लिहून दिला, जाळं तिथे टाकू नकोस म्हणून. चिठ्ठीवर अक्षांश होता ‘१६ ०३ ५०’. देणाऱ्याच्या मशिनवर त्याचा अर्थ १६ अंश, ३.५० मिनिटं. पोराने वाचलं १६ अंश, ३ मिनिटं, ५० सेकंद. एवढ्यानेच सहाशे मीटर सरकला आणि जाळं नेमकं खडपात फाटलं. म्हातारा तांडेल जाळ्याकडे बघत एवढंच म्हणाला, “आकडो बरोबर हा रे, पण तो खंयच्या मशिनचो ता आधी इचार.”

मेंदूच्या संशोधनात हेच होतं. हातपाय हलवणाऱ्या पट्ट्याला कुणी जर्मन मेंदूतज्ज्ञ ब्रॉडमनने १९०९ साली दिलेला क्रमांक ४ लावतं, कुणी प्रायमरी मोटर कॉर्टेक्स म्हणतं, कुणी प्रिसेंट्रल गायरस. आणि तिन्हींच्या हद्दी तंतोतंत जुळत नाहीत. जागेचे आकडे द्यावेत तर फ्रेंच मेंदूतज्ज्ञ तालेराखचा १९८८चा ॲटलास आणि कॅनडातल्या माँट्रियलचा साचा (अनेक मेंदूंची सरासरी काढून केलेला नमुना) यांत तोच आकडा काही ठिकाणी सेंटिमीटरभर इकडेतिकडे पडतो. मेंदूत सेंटिमीटर म्हणजे वाडीच बदलली! ॲटलास काय करतो, तर शून्य कुठे धरायचं, अक्ष कुठल्या दिशेला, हद्द कुठली, नाव काय आणि आवृत्ती कितवी, हे एकदा ठरवून टाकतो. उंदरांसाठीच्या ‘वॅक्सहोम स्पेस’मध्ये (नाव स्टॉकहोमजवळच्या एका बेटावरच्या गावाचं, म्हणजे तीही किनारपट्टीच) शून्य धरलंय ते अँटिरिअर कॉमिशरवर, दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडीवर. मग एका प्रयोगशाळेतला काप आणि दुसरीतली विद्युत नोंद एकाच जागेवर ठेवून बघता येते. २०११मध्ये ‘न्यूरोसिंथ’ या संशोधन प्रकल्पाने सुमारे साडेतीन हजार शोधलेखांतले आकडे संगणकाकडून गोळा करून एकत्र मांडले. त्यांनाही प्रत्येक लेखातला आकडा तालेराखचा की माँट्रियलचा, हे आधी ओळखावंच लागलं. नुसत्या फायली म्हणजे एकक न लिहिलेली चिठ्ठी.

म्हातारीचं म्हणणं अर्धं खरं आहे. तालेराखचा नकाशा साठीच्या एका फ्रेंच बाईच्या मेंदूवरून, तोही एकाच अर्धगोलावरून केलेला. २०१३चा ‘बिगब्रेन’सुद्धा ६५ वर्षांच्या एकाच स्त्रीचा: ७,४०४ काप, प्रत्येक २० मायक्रॉनचा. पण तिथे एकच मेंदू घेतला तो बारकाव्यासाठी. सरासरी हवी असेल तर माँट्रियलचा १५२ माणसांचा साचा आहे, आणि सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने उंदराचा साचा १,६७५ मेंदूंवरून केलाय. मेसेज लिहिणारा १९८८च्या पुढे सरकलेलाच नाही.

‘लहान मेंदू’ची गोष्ट मात्र मला चीड आणते. २०१९मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीने शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून ‘आयबीए-१००’ हा ॲटलास तयार केला. त्यात सरासरी उंची, रुंदी आणि घनफळ माँट्रियलच्या साच्यापेक्षा कमी निघालं. झालं, बातम्यांना तेवढंच पुरलं. त्यात बुद्धीचा संबंधच नव्हता. परका साचा घातला की भारतीय मेंदू ताणून बसवावा लागतो, आणि निरोगी मेंदूही आक्रसल्यासारखा भासू शकतो. म्हणून आपला साचा हवा. म्हणजे मेसेजवाल्याने ॲटलासविरुद्ध दिलेला पुरावाच ॲटलासच्या बाजूचा आहे. आणि आपण काही फक्त घेणारे नाही. चेन्नईच्या आयआयटी मद्रासने २०२४मध्ये ‘धरणी’ हा गर्भाच्या मेंदूचा ॲटलास, ५,१३२ कापांसह, जगासाठी फुकट खुला केला.

राहिली डोक्यातल्या विचारांची भीती. रचनेच्या स्कॅनमध्ये विचार दिसत नाहीत. चेहरा मात्र दिसू शकतो, आणि ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. २०१९मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी एमआरआयमधून चेहरे उभे केले, तेव्हा ८४ पैकी ७० जण त्यांच्या फोटोंशी बरोबर जुळले. म्हणूनच स्कॅन खुला करण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसतात, नाव काढतात, संमती घेतात. सरासरी साच्याला तर कुणा एकाचा चेहराच नसतो.

जाता जाता एक. हा मेसेज मला पहिल्यांदा ज्याच्याकडून आला, त्याने गेल्या महिन्यात त्याच ग्रुपवर आपल्या आईचा एमआरआय रिपोर्ट टाकला होता, कुणी चांगला डॉक्टर सुचवा म्हणून. नाव, वय, पत्ता, फोन नंबर, सगळं होतं त्यावर. अजून आहे.